मुलांनी घर कधी सोडावे?

‘मुलगा बावीस वर्षांचा झाला, पुण्याला खोली करून राहतो म्हणतो. पाठवू का?’ किंवा ‘लग्नाला वर्ष झाले, आता दोघे वेगळे राहू म्हणतात. डॉक्टर, तुम्हीच दोन शब्द सांगा.’ ताप-खोकल्याचे औषध लिहून झाले की असे प्रश्न हळूच टेबलावर येतात. शिर्डी परिसरात दवाखाना चालविताना मला एक गोष्ट सतत जाणवत आली आहे. घर सोडणे हा जितका पैशाचा आणि नात्यांचा प्रश्न आहे, तितकाच तो प्रकृतीचाही आहे. म्हणून आज त्याविषयी.

शिर्डीला या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसतात. येथील मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी पुणे, नाशिक, मुंबई गाठतात. तर बाहेरगावची मुले हॉटेल, लॉज, हार-प्रसादाची दुकाने यांत काम करण्यासाठी येथे येऊन राहतात. 2009 मध्ये रेल्वे आली, 2017 मध्ये काकडीचा विमानतळ सुरू झाला, 2022 च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा टप्पा खुला झाला. बाहेर पडणे सोपे झाले. बाहेर नीट राहणे मात्र पूर्वीइतकेच अवघड आहे.

प्रथा जुनीच

घर सोडण्याची पद्धत आपल्याकडे पश्चिमेकडून आली, असे अनेकांना वाटते. ते खरे नाही. माधुकरी मागून आणि वार लावून जेवून शिकलेल्यांची एक मोठी पिढी महाराष्ट्रात होऊन गेली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. शेतकऱ्याचे पोर घराबाहेर राहिले म्हणूनच शिकले, अशी उदाहरणे आपल्या जिल्ह्यातही घरोघर सापडतील.

मुलींच्या बाबतीत तर हा प्रश्न आपण कधी विचारलाच नाही. लग्न हेच तिचे घर सोडण्याचे वय. आजीच्या पिढीत ते तेरा-चौदाचेही असे. परक्या घरी, परक्या चुलीपुढे ती कशी रुळेल, तिची तयारी आहे का, याची चौकशी कोणी केली नाही. आज मुलासाठी आपण जी काळजी करतो ती मुलीसाठीही करावयास हवी, मग ती नोकरीसाठी जात असो की सासरी.

दुसरा गैरसमज असा, की परदेशात अठरावे लागले की मुले घराबाहेर पडतात. युरोपीय संघाच्या आकडेवारीनुसार तेथे आई-वडिलांचे घर सोडण्याचे सरासरी वय सुमारे 26 आहे. फिनलंडमध्ये ते 21-22 च्या आसपास, तर क्रोएशियात 30 च्या पुढे. अमेरिकेत 2020 च्या करोना काळात 18 ते 29 वयाची निम्म्याहून अधिक मुले पालकांकडे राहत होती. तेव्हा ‘योग्य वय’ असा आकडा जगात कोणाकडेच नाही.

अठराव्या वर्षी काय होते?

कायद्याने अठराव्या वर्षी माणूस सज्ञान होतो. मतदानाचा हक्कही 1989 पासून अठराव्या वर्षी मिळतो. शरीराची उंची बहुतेक या सुमारास पुरी होते. मेंदूचे तसे नाही. पुढचा विचार करणे, मोह आवरणे, धोका ओळखणे ही कामे करणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो. अनेक मानसिक आजारांची सुरुवातही याच वयात होते. म्हणून अठरा ते पंचवीस हा काळ मुलाला डांबून ठेवण्याचा नव्हे, तसाच वाऱ्यावर सोडण्याचाही नव्हे.

माझ्या मते वय विचारण्यापेक्षा तयारी पाहावी. मी पालकांना पाच गोष्टी तपासायला सांगतो.

पहिली, पोट. मुलगा असो वा मुलगी, वरण-भात, एक उसळ, एक भाजी आणि पोळी किंवा भाकरी स्वतः करता आली पाहिजे. मेसच्या डब्यात तेल भरपूर, डाळ पातळ आणि पालेभाजी क्वचित, हा बहुतेकांचा अनुभव. देशात 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 57 टक्के रक्तक्षयी असल्याचे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. खोलीवर मोड आलेली मटकी, भाजलेले शेंगदाणे व गूळ, केळी, चालत असल्यास उकडलेली अंडी एवढे ठेवले तरी पुष्कळ भर पडते. पाण्याकडे विशेष लक्ष हवे. 2025 च्या सुरुवातीस पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात ‘जीबीएस’ या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा दूषित पाण्याकडेच बोट दाखविले गेले. पाणी उकळून पिण्याची सवय घरी असतानाच लागावी.

दुसरी, झोप. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते. लॉज-हॉटेलात रात्रपाळी करणारी मुले दिवसा झोपतात. एका खोलीत पाच-सहा जण असले की तीही तुटते. मग डोकेदुखी, चिडचिड, पित्त आणि जोडीला गुटखा नाहीतर चहाचे दहा कप. रात्रपाळीच्या मुलांनी खोली निवडताना भाडे पाहतो तसा अंधार आणि शांतताही पाहावी. जमल्यास एकाच पाळीच्या मुलांनी एकत्र राहावे.

तिसरी, दुखणे. ताप मोजता येतो का? जुलाब झाल्यास जलसंजीवनी घेता येते का? तीन दिवसांहून अधिक ताप राहिला, श्वास लागला, शुद्ध हरपू लागली तर वाट पाहायची नाही, हे ठाऊक आहे का? औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेण्याची खोड घातक आहे. रुग्णवाहिकेचा 108 हा क्रमांक पाठ असावा. फिट्स, दमा किंवा मधुमेह असलेल्या मुलांनी बाहेर राहू नये असे मी म्हणत नाही. त्यांनी महिन्याचे औषध आणि चिठ्ठी जवळ ठेवावी, आणि खोलीतील निदान एका सोबत्याला आपला आजार सांगून ठेवावा. लपविलेला आजार परगावी जास्त महागात पडतो.

चौथी, पैसा. घरी असतानाच तीन महिने एक ठराविक रक्कम मुलाच्या हाती द्यावी व त्यात त्याचा सर्व खर्च भागवू द्यावा. महिनाअखेर जो उपाशी राहतो किंवा उधारी करतो, त्याची अजून तयारी व्हायची आहे. ही शिकवणी घरात स्वस्त पडते.

पाचवी, मन. अपयश घरी सांगता येते का, ही माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी परीक्षा. स्पर्धा परीक्षेसाठी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारा मुलगा दोनदा नापास झाला, की फोन करणे टाळतो. वडिलांनी जमिनीच्या तुकड्यावर कर्ज काढले असेल तर तो आणखी गप्प होतो. भूक मंदावणे, पहाटे जाग येणे, आंघोळ-दाढी सोडून देणे, ‘मी नसतो तर बरे झाले असते’ असे बोलणे, ही लक्षणे आळसाची नाहीत. ती नैराश्याची असू शकतात आणि त्यावर उपचार आहेत. 2022 पासून सरकारची ‘टेलिमानस’ ही विनामूल्य सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मिळते. निरोप देताना मुलाला एवढे जरूर सांगावे : ‘काहीही झाले तरी परत यायला घर आहे.’

लग्नानंतर

नवविवाहितांचा प्रश्न निराळा. शिर्डीत जागेचे मोल मोठे. भक्तांसाठी खोल्या काढल्या, की घरच्यांना जागा आखडते आणि नवे जोडपे बैठकीच्या खोलीत पडदा लावून झोपते, अशीही घरे मी पाहिली आहेत. पुढे सून पोटदुखी, डोकेदुखी घेऊन येते, मुलगा झोपेची गोळी मागतो. तपासण्या मात्र साऱ्या ठीक निघतात. अशा घराला मी औषधाआधी दाराची कडी सुचवितो. तेवढे एकांताचे दार घरात मिळत नसेल, तर त्याच गल्लीत वेगळी खोली घेण्यात कोणाचाच अपमान नाही.

इरावती कर्वे यांनी एकत्र कुटुंबाची लक्षणे सांगितली आहेत : एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता, सामाईक देवपूजा. समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांना गुजरातमधील महुवा येथील अभ्यासात दिसले, की चुली वेगळ्या झाल्या तरी देणे-घेणे आणि कर्तव्ये टिकून राहतात. म्हणजे छप्पर बदलले तरी घर मोडतेच असे नाही. ते मोडते भांडून, न बोलता निघाल्याने.

जाणाऱ्यांनी मागे राहणाऱ्यांची व्यवस्था लावून जावे. आईची रक्तदाबाची गोळी, वडिलांची साखरेची तपासणी, दवाखान्यात कोण नेणार, हे ठरवून टाकावे. वेगळे राहिले म्हणून जबाबदारी सुटत नाही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानेही ती मुलांवर टाकली आहे. पालकांनीही दिवसातून दहा फोन करण्याचा मोह आवरावा. मूल गेल्यावर आईला येणारे रिकामपण खरे असते. त्यासाठी सकाळचे फिरणे, भजनी मंडळ, मैत्रिणी, एखादे काम, जे रुचेल ते धरावे.

कधी थांबू नये

घरात रोजची मारहाण, दारू, उठता-बसता टाकून बोलणे असेल, तर तयारी पुरी होण्याची वाट पाहू नये. वसतिगृह, मामाचे घर, मैत्रिणीची खोली, जेथे सुरक्षित वाटेल तेथे जावे. तेथे राहून तब्येत बिघडण्यापेक्षा बाहेर पडून अडचण सोसणे बरे. उलट घरात मायेचे वातावरण आहे, नोकरी गावातच आहे आणि मूल कमाईतून घरखर्चाला हातभार लावते, तर तिशीतही एकत्र राहण्यात कमीपणा नाही. फक्त स्वतःचे ताट धुणे आणि स्वतःची भाजी चिरणे त्याने शिकावे.

तेव्हा ‘कोणत्या वयात’ या प्रश्नाला माझे उत्तर असे : ज्या दिवशी मूल स्वतःचे पोट, झोप आणि दुखणे सांभाळू शकते, आणि अडल्यास घरी मोकळेपणाने सांगू शकते, त्या दिवशी त्याला जाऊ द्यावे. त्या आधीची वर्षे त्याला हे शिकविण्यासाठी आपल्या हाती असतात.