मधमाशांची द्रव्ये आणि कर्करोगाच्या पेशी

मध, मधमाशीचे विष, तसेच पोळ्याच्या भेगा बुजविण्यासाठी माशा झाडांवरून गोळा करतात ती राळ, म्हणजे प्रोपोलिस, यांनी कर्करोग बरा होतो असे कोणी सांगितले, तर त्यावर कितपत विश्वास ठेवावा? प्रत्येक ग्रामसेवकास याचे उत्तर देता आले पाहिजे.

प्रयोगशाळेत कर्करोगाच्या गाठीतील पेशी पोषक द्रवात वाढवितात. सतत वाढत राहणारा मानवी पेशींचा पहिला वाण १९५१ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे मिळाला. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातही पेशींच्या अनेक वाणांचा संग्रह आहे. तबकडीच्या लहान खळग्यांत या पेशी ठेवून प्रत्येकात द्रव्याची कमीअधिक मात्रा घालतात. नंतर एक पिवळा रंग मिसळतात. जिवंत पेशी त्याचे जांभळ्या रंगात रूपांतर करतात, मेलेल्या करीत नाहीत. त्यावरून किती पेशी जगल्या ते मोजता येते.

शेतात खताची परीक्षा करताना आपण एक वाफा बिनखताचा ठेवतो. तशी तुलना येथेही हवी. घट्ट मधात साखर इतकी असते की तिच्यामुळेच पेशींतील पाणी शोषले जाऊन त्या मरतात. म्हणून मधाशेजारी तितक्याच साखरेचा पाक घालून पाहावा लागतो. निरोगी पेशींवर काय परिणाम होतो, हेही तपासावे लागते.

ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील शास्त्रज्ञांनी २०२० साली प्रसिद्ध केलेले संशोधन या दृष्टीने महत्त्वाचे आहे. मधमाशीच्या विषातील मेलिटिन या द्रव्याने स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींची आवरणे साठ मिनिटांत नष्ट झाली. योग्य मात्रेत निरोगी पेशींची हानी अल्प झाली. भुंग्यासारख्या बंबलबी माशीच्या विषात मेलिटिन नसते; त्याचा तसा परिणाम दिसला नाही.

परंतु तबकडी म्हणजे मनुष्याचे शरीर नव्हे. मेलिटिन रक्तातील तांबड्या पेशीही फोडते. ते निरोगी भागास न दुखविता गाठीपर्यंत कसे न्यावे, हाच खरा प्रश्न आहे. तबकडीनंतर प्राण्यांवर व शेवटी रोग्यांवर पद्धतशीर चाचण्या झाल्यावाचून कोणतेही द्रव्य औषध ठरत नाही. प्रोपोलिसचे घटक तर भोवतालच्या झाडांप्रमाणे बदलतात. एका प्रदेशातील निष्कर्ष दुसरीकडे जसाच्या तसा लागू पडत नाही.

म्हणून अंगावर मधमाशा डसवून घेऊ नयेत. विषाची अतिसंवेदनशीलता असणाऱ्यास एका दंशानेही मृत्यू येऊ शकतो. स्तनात गाठ लागली, तोंडातील व्रण तीन आठवड्यांत भरला नाही, किंवा अवेळी रक्तस्राव झाला, तर विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. घरगुती उपायांत गेलेले महिने परत मिळत नाहीत, आणि आरंभीच उपचार झाल्यास अनेक कर्करोग बरे होतात.

मध आहार म्हणून अवश्य घ्यावा. मात्र एक वर्षाखालील बालकास देऊ नये. मधपेट्या पाळाव्यात, त्या मधासाठी आणि पिकांच्या परागीभवनासाठी. हा लाभ निश्चित आहे. रोगावरील उपचार मात्र रुग्णालयातच घ्यावेत.