ऊसतोडीचा न मांडलेला खर्च

● उचल : हंगामाआधी मुकादमाकडून मिळणारी आगाऊ रक्कम. ती फिटली नाही, तर बाकी पुढच्या हंगामावर चढते.

● कोयता : नवरा-बायको मिळून मजुरीचा एकच हिशेब. तिच्या कष्टांची वेगळी नोंद नाही.

● खाडा : आजारपण असो वा बाळंतपण, कामावर न गेलेल्या दिवसाचा दंड अंगावरच्या बाकीत धरला जातो.

● गर्भपिशवी : बीड जिल्ह्यात २०१९च्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली.

● शाळा : टोळीबरोबर मुलंही निघतात, वर्ष अर्ध्यावर सुटतं.

काय हवं? लेखी करार, बाईच्या खात्यात तिची मजुरी, आजारपणात भरपगारी रजा. साखरेच्या भावात हा खर्च धरलाच पाहिजे.