मोटर ४१५ व्होल्टची, मग बटण २४ व्होल्टचं का? जाणून घ्या

कारखान्यातली मोटर ४१५ व्होल्टवर चालते. पण तिला सुरू-बंद करणाऱ्या बटणांना आणि रिलेंना अनेकदा वेगळा, कमी व्होल्टचा पुरवठा असतो. हेच कंट्रोल व्होल्टेज.

२४ व्होल्ट डीसी का?
चुकून हात लागला तरी जिवावर बेतण्याचा धोका खूप कमी. पीएलसी आणि बहुतेक सेन्सरही यावरच चालतात.

अडचण कुठे?
अंतरात. १.५ चौरस मिमी तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम. कॉन्टॅक्टर २०० मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन तार ४०० मीटर. १ अँपिअरला जवळपास ५ व्होल्ट वाटेतच जातात, उरतात १९. कॉन्टॅक्टर ओढला जाण्याची हमी मात्र साधारण ८५ टक्के, म्हणजे २०.४ व्होल्टपर्यंतच.

मग २३० व्होल्ट एसी?
इथे ही घट किरकोळ. पण लांब केबल स्वतःच कपॅसिटरसारखी वागते. ‘स्टॉप’ दाबल्यावरही थोडा प्रवाह झिरपतो, छोटा रिले सुटत नाही आणि मशीन चालूच राहू शकतं.

उपाय काय?
लांबून फक्त काही मिलिअँपिअरचा २४ व्होल्ट सिग्नल आणायचा. जड कॉन्टॅक्टर पॅनलमधल्या रिलेने चालवायचा. म्हणून व्होल्टेज ठरवण्याआधी केबलची लांबी मोजा.