पाहणाऱ्यांचे बळ

शाळा म्हटली की थट्टामस्करी चालावयाचीच. ज्याची थट्टा होते तोही जेथे मनापासून हसतो, तेथे तक्रारीला जागा नाही. परंतु एकाच मुलाला दररोज गाठावे, त्याच्या रूपावरून वा बोलण्यावरून त्याला हिणवावे, खेळातून वगळावे, आणि उलट उत्तर देण्याचे धैर्यही त्याला उरू नये, याला थट्टा म्हणता येत नाही. तो छळ होय.

असा छळ बहुधा एकांतात होत नाही. कॅनडातील टोरांटो येथील शाळांच्या क्रीडांगणांवर संशोधकांनी मुलांच्या वागण्याचे चित्रण करून त्याचा अभ्यास केला आणि २००१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. छळाच्या दर १०० प्रसंगांपैकी ८८ प्रसंगी इतर मुले तेथे हजर होती. ती मध्ये पडली मात्र अवघ्या १९ प्रसंगी. दांडगटाला प्रेक्षक हवे असतात. हसणारा तर त्याचा साथीदारच. परंतु मुकाट्याने पाहणाऱ्यांचेही त्याला बळ मिळते. खरे नवल पुढेच आहे. मुले जेव्हा मध्ये पडली, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा छळ १० सेकंदांच्या आत थांबला!

मग मुले गप्प का राहतात? उद्या आपली पाळी येईल, ही भीती असते; आणि दुसरा कोणीतरी बोलेल, अशी आशाही असते. ती भीती खोटी नव्हे. म्हणूनच दांडगटाशी दोन हात करणे हा एकच मार्ग आहे, असे समजू नये. 'चल, आपण खेळू' असे म्हणून त्रस्त मुलाला बाजूला नेता येते. शिक्षकांच्या कानावर गोष्ट घालता येते. कोणाला शिक्षा व्हावी म्हणून सांगणे ही चहाडी. कोणाची सुटका व्हावी म्हणून सांगणे ही चहाडी नव्हे.

एकट्याला जे अवघड वाटते, ते अनेकांना मिळून सहज साधते. कॅनडातीलच नोव्हा स्कोशिया प्रांतात केंब्रिज नावाचे लहानसे गाव आहे. तेथे २००७ साली नववीतील एक मुलगा शाळेच्या पहिल्याच दिवशी गुलाबी सदरा घालून आला. काही दांडगटांनी त्याला हिणवले, मारण्याची धमकी दिली. बारावीतील दोघा विद्यार्थ्यांना हे कळले. ते भांडावयास गेले नाहीत. त्यांनी बाजारातून ५० गुलाबी सदरे विकत आणले, मित्रांना निरोप धाडले आणि सकाळी शाळेत ते सदरे वाटले. कित्येक मुले तर घरूनच गुलाबी कपडे घालून आली. त्या दिवशी जिकडे पाहावे तिकडे तोच रंग दिसत होता. आता कॅनडात दर वर्षी फेब्रुवारीच्या अखेरच्या बुधवारी अनेक शाळांतील मुले गुलाबी कपडे घालून येतात.