संत ज्ञानेश्वर (चित्रपट)

प्रभात फिल्म कंपनी, पुणे या संस्थेने १९४० मध्ये मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत निर्मिलेला संतचरित्रात्मक बोलपट. दिग्दर्शक विष्णुपंत गोविंद दामले (१८९२–१९४५) व शेख फत्तेलाल (१८८६–१९६४). पटकथा शिवराम वाशीकर यांची, मराठी गीते शांताराम आठवले यांची आणि संगीत केशवराव भोळे यांचे. ज्ञानेश्वरांची भूमिका शाहू मोडक यांनी व बालज्ञानेश्वरांची यशवंत या बालनटाने केली. दत्ता धर्माधिकारी, पंडित, मालती, सुमती गुप्ते, शांता मजुमदार, भागवत आदींच्याही त्यात भूमिका आहेत. याच दिग्दर्शकद्वयाच्या संत तुकाराम (१९३६) या बोलपटानंतरचा संतपटांच्या परंपरेतील हा महत्त्वाचा टप्पा मानला जातो.

भक्तिपट म्हणून या चित्रपटाची गणना होत असली, तरी त्याचे मूळ स्वरूप निराळे आहे. त्याच्या केंद्रस्थानी चार पोरकी भावंडे आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांनी अजून विशी गाठलेली नाही. परंपरेने मानलेल्या सनांनुसार निवृत्तिनाथांचा जन्म १२७३ चा, ज्ञानेश्वरांचा १२७५ चा, सोपानदेवांचा १२७७ चा आणि मुक्ताबाईंचा १२७९ चा. (दुसऱ्या एका मतानुसार या सर्व तिथी काही वर्षे मागे जातात.) ज्ञानेश्वरी  नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली पूर्ण झाली. त्या वेळी तिच्या कर्त्याचे वय अवघे पंधरा वर्षांचे होते. १२९६ मध्ये आळंदीस त्यांनी समाधी घेतली, ती एकविसाव्या वर्षी. पुढील वर्षभरातच उरलेली तिन्ही भावंडे निवर्तली. किशोरवयीनांच्या जीवनावरील आणि अद्भुत घटनांनी भरलेले असे नाट्य मराठी चित्रपटसृष्टीला आयतेच लाभले होते, असे म्हणता येईल. मात्र, लोकांनी देवत्व बहाल केलेल्या मुलांना पडद्यावर पुन्हा मुले म्हणून दाखविणे, ही त्यातील खरी अडचण होती.

कथानकाची पार्श्वभूमी सर्वपरिचित आहे. आपेगावच्या विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला, परंतु गुरूच्या आज्ञेवरून ते पुन्हा गृहस्थाश्रमात परतले. धर्मशास्त्राला हा प्रकार मान्य नसल्याने त्यांचे कुटुंब वाळीत पडले. देहान्त प्रायश्चित्ताचा निर्णय शिरोधार्य मानून विठ्ठलपंत व रुक्मिणीबाई यांनी देहत्याग केला आणि ‘संन्याशाची पोरे’ ही हेटाळणी मुलांच्या वाट्याला आली. मुंजीचा अधिकार मिळावा म्हणून ही भावंडे शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे गेली. रेड्याच्या मुखातून वेद वदविल्याची आख्यायिका याच प्रसंगाशी निगडित आहे. नामदेवांच्या गाथेतील आदि, तीर्थावळी व समाधी या प्रकरणांतून हे चरित्र प्रथम गायिले गेले आणि महिपतींच्या भक्तविजय  (१७६२) या ग्रंथाने त्यातील चमत्कार घरोघरी पोहोचविले. वारकरी संप्रदाय जेथे रुजला, तेथे तर या कथेला प्रास्ताविकाची गरजच नव्हती. शेगावहून पंढरपूरला निघणारी गजानन महाराजांची पालखी वाशीम जिल्ह्यातील मेडशी, रिसोड या मार्गाने जाते. अशा गावांतील श्रोत्यांना भिंत चालल्याची गोष्ट कीर्तनांतून पाठच असते. पुढे काय घडणार, हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असल्यामुळे ते कसे घडताना दिसणार, याचेच त्याला कुतूहल असे.

हे कुतूहल शमविण्याची परंपरा भारतीय चित्रपटात प्रारंभापासूनची आहे. दादासाहेब फाळके यांनी लंकादहन (१९१७) व कालिया मर्दन (१९१९) या मूकपटांत छायाचित्रणातील क्लृप्त्या कौशल्याने योजिल्या होत्या. कालिया मर्दनमध्ये त्यांची कन्या मंदाकिनी हिने बाळकृष्णाची भूमिका केली. आरंभी ती साध्या मुलीच्या रूपात निरनिराळे मुखभाव दाखविते आणि मग तिची मुद्रा पडद्यावर विरघळत कृष्णाच्या मुद्रेत मिसळते. नाटक आणि नट यांतील अंतर प्रेक्षकांपुढे असे उघड करून फाळके मग चमत्काराकडे वळत. पुढील काळातील दिग्दर्शकांनी सहसा ही मोकळीक घेतलेली नाही.

अशा चमत्कृतिपूर्ण छायाचित्रणाच्या मुख्य पद्धती थोड्याच होत्या. एकाच फिल्मवर दोन वेळा प्रकाशन करून दोन दृश्ये एकत्र आणणे, ही त्यांतील सर्वांत जुनी पद्धत होय. कॅमेऱ्यापुढे काळा पडदा अगर मुखवटा धरून चौकटीचा काही भाग झाकावयाचा, फिल्म मागे गुंडाळून दुसऱ्या वेळी तोच भाग उघडा ठेवून उरलेला झाकावयाचा, ही दुसरी. काचेवर रंगविलेले दृश्य कॅमेरा व देखावा यांच्या मध्ये ठेवणे, लहान आकाराच्या प्रतिकृती वापरणे आणि पात्रांच्या मागील पडद्यावर आधीच चित्रित केलेले दृश्य प्रक्षेपित करणे याही युक्त्या प्रचारात होत्या. या सर्वांत यश अवलंबून असे ते मापाच्या काटेकोरपणावर. कॅमेरा यत्किंचित हलला, तरी दोन दृश्यांची कड पडद्यावर थरथरते आणि प्रेक्षकाच्या मनातील श्रद्धेची जागा हसू घेते.

दामले व फत्तेलाल यांच्या ठायी असा काटेकोरपणा होता, तो त्यांच्या पूर्वायुष्यामुळे. दामले पेणचे, फत्तेलाल कागलचे. दोघेही कोल्हापुरात बाबुराव पेंटर यांच्या हाताखाली महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झाले. फत्तेलाल हे मूळचे चित्रकार. पडदे व देखावे रंगविण्यात त्यांचा हात बसला होता आणि प्रभातच्या चित्रपटांचे कलादिग्दर्शन दीर्घकाळ त्यांच्याकडे होते. दामले यंत्रविद्येत निष्णात होते. बोलपट आल्यावर त्यांनी ध्वनिमुद्रणाची बाजू सांभाळली. महारथी कर्ण (१९२८) हा मूकपट दोघांनी मिळून दिग्दर्शित केला. १ जून १९२९ रोजी व्ही. शांताराम, केशवराव धायबर व सीताराम कुलकर्णी यांच्यासह त्यांनी कोल्हापुरात प्रभात कंपनी स्थापन केली व १९३३ मध्ये ती पुण्यास हलविली. स्टुडिओत दोघांना ‘दामलेमामा’ व ‘साहेबमामा’ म्हणत. एक ब्राह्मण, दुसरा मुसलमान. त्यांनी मिळून वारकरी संतांची चित्रे उभी केली, ही गोष्ट त्या काळी कोणास विशेष वाटली नाही, हेही नोंदविण्याजोगे आहे.

ज्ञानेश्वरांच्या भूमिकेसाठी निवडलेले शाहू मोडक (१९१८–१९९३) हे अहमदनगरच्या (२०२४ पासून अहिल्यानगर) ख्रिस्ती कुटुंबातील होते. भालजी पेंढारकरांच्या श्यामसुंदर (१९३२) या बोलपटातील कृष्णाच्या भूमिकेतून ते किशोरवयातच प्रसिद्धीस आले होते. माणूस (१९३९) या प्रभातच्याच चित्रपटात त्यांनी वेश्येवर जीव जडलेल्या पोलीस शिपायाची भूमिका केली होती. लगेच पुढील वर्षी तोच नट संतकवी म्हणून लोकांसमोर आला. त्या वेळी ते बावीस वर्षांचे होते. म्हणजे पंधरा वर्षांच्या भाष्यकाराहून मोठे, परंतु समाधी घेणाऱ्या ज्ञानेश्वरांच्या जवळपास समवयस्क. त्यांच्या मुद्रेवरील सौम्यता व उच्चारांतील संथपणा भूमिकेला पोषक ठरला. तथापि त्यामुळे ज्ञानेश्वरांचे किशोरत्व काहीसे झाकोळले जाते, ही उणीव मान्य करावी लागते. ते आरंभापासूनच शांत, जणू समाधिस्थ भासतात. वाळीत टाकलेल्या मुलाचा संताप व अपमान ही बाजू मुख्यत्वे बालपणीच्या प्रसंगांतून आणि इतर भावंडांच्या द्वारे प्रकट होते.

चित्रपटातील दोन प्रमुख चमत्कारांचे स्वरूप परस्परांहून भिन्न आहे. चांगदेव वाघावर बसून शिष्यगणांसह भेटीस येतात आणि ही भावंडे ज्या भिंतीवर बसलेली असतात, ती भिंतच चालू लागते. हा प्रसंग सर्वस्वी दृश्य असल्याने मूकपटातही तो दाखविता आला असता. रेड्याने वेद म्हणण्याचा प्रसंग मात्र बोलपटावाचून शक्यच नव्हता. मूकपटात तो पाटीवरील अक्षरांनी सांगावा लागला असता आणि त्यात अद्भुत असे काही उरले नसते. जनावराचे तोंड व मनुष्याचा वेदघोष यांचा मेळ घालणे हे ध्वनिमुद्रणाचे काम होते. ध्वनिमुद्रणातून दिग्दर्शनाकडे आलेल्या दामल्यांच्या चित्रपटात हा प्रसंग विशेष परिणामकारक ठरावा, हे स्वाभाविकच होय. त्याच्या आशयालाही वजन आहे. ज्या मुलांना वेदोच्चाराचा अधिकार नाकारला गेला, त्यांच्यासमक्ष तो अधिकार पशूला प्राप्त होतो. सभेतील पंडितांच्या मौनात या दृश्याचे सामर्थ्य साठलेले आहे. यंत्रकौशल्याचा भाग त्यामानाने दुय्यम आहे.

संत तुकारामशी तुलना केल्यास या चित्रपटाच्या मर्यादा स्पष्ट होतात. तेथे विष्णुपंत पागनीस यांचा तुकाराम भोवतालच्या संसारात बुडालेला आहे आणि गौरी यांनी उभी केलेली जिजाई देवालाही जाब विचारते. त्यामुळे तेथील चमत्कार भाकरीच्या प्रश्नाशी जोडलेले राहतात. मुंबईत वर्षाहून अधिक काळ चाललेल्या आणि १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गौरविल्या गेलेल्या त्या चित्रपटाला हे जे साधले, ते येथे तितके साधलेले नाही. ज्ञानेश्वरांना संसार नाही, प्रतिपक्षही अखेरीस शरण येतो. शिवाय ज्ञानेश्वरी हा मूलतः विचाराचा ग्रंथ, आणि विचार पडद्यावर दाखविता येत नाही. पटकथाकार वाशीकर हे संत तुकारामचेही लेखक असल्याने त्यांना या अडचणीची जाणीव असावी. भावंडांच्या परस्परप्रेमावर त्यांनी दिलेला भर हा त्यावरील बराचसा यशस्वी उपाय होता. निवृत्तिनाथ हे थोरले बंधू आणि गुरूही. मुक्ता धाकटी, तरीही प्रसंगी वडीलधाऱ्यांना बोध करणारी. या नात्यांतील गुंतागुंत अन्य कोणत्याही संतचरित्रात आढळत नाही.

संगीताची बाजू केशवराव भोळे यांनी संयमाने सांभाळली. ‘एकलव्य’ व ‘शुद्धसारंग’ या टोपणनावांनी संगीतसमीक्षा लिहिणारे भोळे अमृतमंथन (१९३४) पासून प्रभातमध्ये होते. शब्दांचा अर्थ सुरांखाली दडपला जाऊ नये, असा त्यांचा कटाक्ष असे. शांताराम आठवले यांच्यापुढील काम अधिक अवघड होते. संत तुकारामसाठी त्यांनी रचलेला एक अभंग जाणकारांनाही तुकोबांचाच वाटला होता. ज्ञानेश्वरकालीन भाषा मात्र प्रेक्षकांना दुर्बोध झाली असती. म्हणून जुना साज राखूनही समजेल अशा मराठीचा मध्यम मार्ग त्यांना काढावा लागला.

याच परंपरेतील संत सखू (१९४१) या चित्रपटानंतर प्रभातचे मूळ सहकारी पांगले. व्ही. शांताराम १९४२ मध्ये बाहेर पडले, दामले १९४५ मध्ये निधन पावले. फत्तेलाल यांनी जगद्‌गुरू शंकराचार्य (१९५५) पर्यंत काम केले. कंपनी १९५३ मध्ये बंद पडली आणि तिच्या पुण्यातील जागेत १९६० मध्ये भारत सरकारची चित्रपट-प्रशिक्षण संस्था सुरू झाली. धर्माधिकारी पुढे बाळा जो जो रे (१९५१) सारख्या चित्रपटांचे दिग्दर्शक म्हणून नावारूपास आले. आठवले यांनीही भाग्यरेखा (१९४८), वहिनींच्या बांगड्या (१९५३) आदी चित्रपट दिग्दर्शित केले व प्रभातकाल (१९६५) या ग्रंथात प्रभातच्या आठवणी नोंदविल्या.

ज्ञानेश्वरांच्या चरित्रावर मणिभाई व्यास यांनी १९६४ मध्ये हिंदी चित्रपट काढला. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या संगीतामुळे तो लोकप्रिय झाला. दिग्पाल लांजेकर यांच्या संत ज्ञानेश्वरांची मुक्ताई (२०२५) या चित्रपटात कथेचा केंद्रबिंदू धाकट्या बहिणीकडे सरकला आहे.