जबडा सुजलाय की मोडलाय?

गाडीवरून पडून, बैलाची ढुशी लागून, नाहीतर घरातल्या मारहाणीत जबड्याला मार बसतो. आपण हळद लावतो, चार दिवस पेज पितो आणि गप्प राहतो. पण दात पूर्वीसारखे जुळत नसतील, तोंड उघडत नसेल, खालचा ओठ बधिर झाला असेल किंवा जिभेखाली रक्त साकळलं असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. श्वास अडत असेल तर लगेच १०८ ला फोन.

तिथे बहुधा आधी ओपीजी एक्स-रे काढतात. यंत्र डोक्याभोवती फिरतं आणि सगळा खालचा जबडा एकाच चित्रात दिसतो. कानातलं, नथ, पिना काढायच्या आणि हलायचं नाही. जबडा कमानीसारखा असतो. हनुवटीवर मार लागला तरी हाड कानापाशी मोडू शकतं, म्हणून पूर्ण चित्र लागतं. कानाजवळचा सांधा किंवा वरचा जबडा नीट पाहायला सीटी स्कॅन करतात. दिवस गेले असतील तर आधी सांगायचं.

मार घरात बसला असेल तर डॉक्टरांना खरं सांगा. 'पडले' म्हटलं की कागदावरही तेच राहतं. एकटीनं जायची भीती वाटली तर गटाला सांगा, आम्ही सोबत येऊ. १८१ ही महिलांची हेल्पलाइनही आहे.