आगमनकाळ आणि अभिवचन (लेखांक 2) : मंदिराविना प्रतीक्षा

मागील लेखांकात आगमनकाळाची रचना पाहिली. नाताळापूर्वीच्या चार रविवारांच्या या काळात कॅथलिक उपासनेचे लक्ष 16 डिसेंबरपर्यंत ख्रिस्ताच्या पुनरागमनाकडे आणि 17 तारखेपासून त्याच्या जन्माकडे असते; दोन्ही टप्प्यांचा आधार अभिवचन, म्हणजे मनुष्याच्या पात्रतेवर अवलंबून नसलेला देवाचा शब्द, हाच आहे. जेथे चर्च नाही आणि घंटाही नाही, तेथे हा आधार कसा टिकतो, हा प्रस्तुत लेखांकाचा विषय होय.

असे एक ठिकाण म्हणजे सौदी अरेबियातील जेद्दाह शहर. तेथील अल अझीझिया या वस्तीत भारतीय कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. सौदी अरेबियात चर्चची इमारत नाही, इस्लामेतर धर्मांच्या सार्वजनिक उपासनेस परवानगी नाही आणि साप्ताहिक सुटी शुक्रवार-शनिवारी असल्यामुळे आगमनकाळातला रविवार हा कामाचा दिवस असतो. कॅथलिक धर्मव्यवस्थेत हा देश उत्तर अरेबियाच्या धर्मप्रांतात मोडतो. मात्र त्या प्रांताचे मुख्य चर्च 2021 च्या डिसेंबरमध्ये अभिषिक्त झाले, ते शेजारच्या बहारीनमधील अवाली येथे. त्यामुळे वसईच्या किंवा अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) ख्रिस्ती कुटुंबाला जेद्दाहमध्ये घरातील खाजगी प्रार्थना आणि वाचन यांच्या आधारेच हा काळ पाळावा लागतो.

बायबलमध्ये या स्थितीला जवळचा प्रसंग यिर्मयाच्या पुस्तकातील 29 व्या अध्यायात आहे. इ. स. पूर्व 597 मध्ये यरुशलेममधून बाबेलला नेलेल्या बंदिवानांना यिर्मया संदेष्ट्याने पत्र पाठवून कळवले, की त्यांनी तेथे घरे बांधावीत, बागा लावाव्यात, ज्या नगरात ठेवले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करावी, आणि सत्तर वर्षे पूर्ण झाल्यावर देव त्यांना परत आणील. त्याच सुमारास हनन्या नावाचा संदेष्टा दोनच वर्षांत सुटका होईल असे सांगत होता. त्याचे भाकीत कानाला गोड होते, पण खोटे ठरले. पुढे इ. स. पूर्व 586 मध्ये यरुशलेमचे मंदिरच उद्ध्वस्त झाले, तरी यिर्मयाने सांगितलेला शब्द टिकला आणि इ. स. पूर्व 538 च्या सुमारास पर्शियाच्या कोरेश राजाने परतीची मुभा दिली. नोकरीसाठी स्वेच्छेने गेलेले स्थलांतरित बंदिवान नव्हेत, हा भेद खराच. परंतु दूर देशी, मंदिराविना, केवळ शब्दाच्या आधारे दैनंदिन जीवन उभे करण्याचा धडा दोघांनाही सारखाच लागू पडतो.

मराठी ख्रिस्ती परंपरेनेही प्रतीक्षेला असेच स्थान दिले आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात रचलेले आणि 1616 मध्ये राचोल येथे छापलेले क्रिस्तपुराण सुमारे 11 हजार ओव्यांचे असून, त्यातील संपूर्ण पहिले पुराण ख्रिस्तजन्माच्या आधीच्या काळाला, म्हणजे जुन्या करारातील कथेला व भविष्यवाण्यांना, दिलेले आहे. जन्मकथा दुसऱ्या पुराणात येते. जन्माचे महत्त्व कळण्यासाठी श्रोत्याने आधी त्या दीर्घ प्रतीक्षेतून जावे, हे या रचनेतून आपोआप घडते.

तात्पर्य, अभिवचनावरील विश्वास म्हणजे लवकर सुटकेची खात्री नव्हे, तर वचन देणाऱ्यावर भिस्त ठेवून आजचे कर्तव्य पार पाडणे होय. म्हणून या आठवड्यात वाचकांनी, ते वसईत असोत वा अल अझीझियात, यिर्मयाचा 29 वा अध्याय घरच्यांसह वाचावा आणि आपण ज्या नगरात राहतो त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करावी.